उठावाचे अक्षर

दुकानाची पाटी करून घेताना व्यापारी बहुधा दोनच गोष्टी पाहतो. नाव बिनचूक असावे आणि ते रस्त्याच्या पलीकडून वाचता यावे. अक्षराचे वळण कसे असावे, हा प्रश्न पाटी रंगविणाऱ्यावर सोपविला जातो आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे त्या पेढीचे नाव त्याच वळणातून ओळखले जाते. पेढीची पत, तिचा लौकिक आणि तिच्या नावाचे अक्षर ही तिन्ही गिऱ्हाइकाच्या मनात एकरूप होऊन जातात. ते अक्षर घडविणारा माणूस मात्र कोणाच्या स्मरणात राहत नाही.

लंडन महानगराच्या पोटात ‘सिटी ऑफ लंडन’ नावाचा एक लहानसा विभाग आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एका चौरस मैलाहून थोडे अधिक. म्हणून त्याला ‘स्क्वेअर माइल’ असेही म्हणतात. बँक ऑफ इंग्लंड येथेच आहे. विमा, हुंडी, शेअर आणि कर्जरोखे यांचा व्यवहार येथे शतकानुशतके चालत आला आहे. या भागातील रस्त्यांची नावे वाचली तरी जुन्या बाजारपेठेचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘चीपसाइड’ या नावातील पहिला शब्द जुन्या इंग्रजीतील बाजारवाचक शब्दापासून आलेला आहे. ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट आणि पोल्ट्री ही नावे तेथे काय विकले जाई ते सांगतात. मुंबईतील दाणाबंदर किंवा झवेरी बाजार सांगतो तसेच. लोंबार्ड स्ट्रीटला इटलीतील लोंबार्डी प्रांताकडून आलेल्या सराफांचे नाव मिळाले. त्याच्या जवळच ‘ओल्ड ज्यूरी’ नावाचा रस्ता आहे. मध्ययुगात तेथे ज्यू लोकांची वस्ती होती. 1290 मध्ये राजा पहिला एडवर्ड याने इंग्लंडमधील सर्व ज्यूंना हद्दपार केले. माणसे गेली, रस्त्याचे नाव राहिले.

या चौरस मैलातील रस्त्यांच्या पाट्यांसाठी आज जे वळण वापरले जाते, त्याचे नाव ‘अल्बर्टस’. तेराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ता अल्बर्टस मॅग्नस याच्या नावावरून हे नाव ठेवण्यात आले. ते अक्षर घडविणारा बर्थोल्ड वोल्पे हा जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू कारागीर होता. ज्या देशाने त्याला आसरा दिला, त्याच देशाने पुढे एकदा त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून स्थानबद्धही केले. या अक्षराची हकीकत आणि त्या माणसाची हकीकत एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

वोल्पे यांचा जन्म 1905 मध्ये फ्रँकफुर्टजवळच्या ओफेनबाख या गावी झाला. कातडी वस्तूंचा व्यापार आणि अक्षरांचे ओतकाम या दोन धंद्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. वोल्पे यांनी प्रथम धातुकामाच्या कारखान्यात उमेदवारी केली. त्यानंतर ओफेनबाखच्या कलाशाळेत त्यांनी रुडॉल्फ कोख यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. कोख हे त्या काळातील जर्मनीतील अग्रगण्य सुलेखनकार. लेखणीने अक्षर काढणे, ते लाकडात वा धातूत कोरणे, वस्त्रावर विणणे ही सर्व कामे त्यांच्या कार्यशाळेत एकाच छताखाली चालत. कोख यांनी 1923 मध्ये ‘नॉयलँड’ नावाचे एक वळण कागदावर आधी चित्र न काढता थेट धातूत कोरले होते. अक्षराचा आकार हत्यार आणि द्रव्य यांच्या झटापटीतून निघावा, हा त्यांचा धडा वोल्पे यांनी पुरता आत्मसात केला. शिक्षण संपल्यावर ते कोख यांचे साहाय्यक झाले आणि फ्रँकफुर्ट व ओफेनबाख येथे शिकवूही लागले.

धातूवर लेख कोरण्याचे काम ते याच काळात करीत असत आणि ‘अल्बर्टस’चे बीज त्या कामात आहे. ते समजून घेण्यासाठी लेख कोरण्याच्या दोन पद्धती लक्षात घ्याव्या लागतात. मंदिरात किंवा धर्मशाळेत देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी बसविलेली असते. तिच्यावरील अक्षरे दगडात खोल कोरलेली असतात आणि त्या खाचांत काळा रंग भरलेला असतो. येथे कारागीर अक्षराच्या अंगावरूनच छिन्नी चालवितो. याउलट जुन्या घरांच्या दारावरील पितळी पाटी पाहिली, तर तिच्यावरील अक्षरे पृष्ठभागावर उठून आलेली दिसतात. बोट फिरविले की ती हाताला लागतात. अशा उठावाच्या कामात कारागीर अक्षराला हातच लावीत नाही. तो अक्षराच्या भोवतालचा धातू काढून टाकतो. अक्षर जागच्या जागी राहते आणि सभोवतालची जमीन खाली जाते.

या पद्धतीचा अक्षराच्या आकारावर थेट परिणाम होतो. बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड आणि बारीक रेघांचा जो खेळ दिसतो, तो बोरूच्या तिरक्या टोकामुळे आपोआप उतरतो. छपाईच्या बहुतेक रोमन अक्षरांत उभ्या दांड्यांच्या टोकांना आडव्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. उठावाच्या कामात अशा नाजूक पट्ट्या टिकत नाहीत. कोरणी बाहेरच्या बाजूने आत येत असल्यामुळे फार बारीक अवयव ठेवला तर तो तुटण्याची भीती असते. दुसरीकडे, दांडा वरपासून खालपर्यंत अगदी सारख्या जाडीचा ठेवला, तर डोळ्याला त्याची टोके बोथट आणि निर्जीव वाटतात. वोल्पे यांनी यातून मार्ग काढला. त्यांनी दांडा मधोमध किंचित सडपातळ ठेवला आणि टोकांकडे हळूहळू रुंद होऊ दिला. स्वतंत्र पट्टी जोडलेली नाही आणि टोकही बोडके नाही. दांडाच शेवटी जरासा फुलतो आणि एका सरळ, धारदार कापाने थांबतो. सेरिफ असलेली आणि सेरिफ नसलेली अक्षरे असे जे दोन मोठे वर्ग मानले जातात, त्यांच्या मधली ही जागा आहे.

आणखी काही खुणांवरून ‘अल्बर्टस’ चटकन ओळखता येते. मोठ्या लिपीतील ‘एम’ या अक्षराच्या मधल्या दोन तिरक्या रेघा खालच्या ओळीपर्यंत पोहोचत नाहीत. त्या मध्येच थांबतात. ‘यू’ या मोठ्या अक्षराला लहान लिपीतल्याप्रमाणे उजव्या बाजूस पूर्ण उभा दांडा आहे. जाड आणि बारीक रेघांतील फरक बेताचा असल्यामुळे अक्षर दुरून वाचतानाही विरळ होत नाही. बेताचा ठळकपणा आणि टोकांची धार या दोन गुणांमुळे हे अक्षर शांत दिसते. परंतु मऊ मात्र दिसत नाही.

1932 मध्ये वोल्पे लंडनला गेले असता त्यांची स्टॅनले मॉरिसन यांच्याशी भेट झाली. मॉरिसन हे मोनोटाइप कंपनीचे मुद्रणविषयक सल्लागार होते. ‘टाइम्स न्यू रोमन’ हे आज जगभरच्या संगणकांत असलेले वळण त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाले आणि ते ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात 1932 मध्येच प्रथम वापरले गेले. वोल्पे यांच्या ब्राँझमधील लेखांचे काम मॉरिसन यांना पसंत पडले होते. त्या लेखांतील मोठ्या अक्षरांवरून छपाईचे खिळे तयार करावेत, असे त्यांनी वोल्पे यांना सुचविले. मूळ रेखाटने वोल्पे यांनी केली. इंग्लंडच्या सरे परगण्यात सॅल्फर्ड्स येथे मोनोटाइपचा कारखाना होता. तेथे मोठ्या आकारातील आराखड्यांवरून, पँटोग्राफ यंत्राच्या साहाय्याने, लहान आकाराचे पोलादी ठसे कोरले जात. आधी फक्त शीर्षकांसाठी मोठी अक्षरे निघाली, नंतर लहान अक्षरे आणि पुढे हलके व ठळक असे त्याचे भेद निघाले. 1940 पर्यंत हे कुटुंब पूर्ण झाले.

दरम्यान जर्मनीत सारेच पालटले होते. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू शिक्षकांना संस्थांतून दूर करण्यात आले आणि ज्यू कलावंतांना व्यवसाय करणे अशक्य होऊ लागले. 1934 मध्ये गुरू रुडॉल्फ कोख यांचा मृत्यू झाला. 1935 मध्ये वोल्पे यांनी जन्मभूमी सोडली आणि ते इंग्लंडला आले. वय तीस. हातात विद्या होती, तथापि ज्या गावात ती विद्या प्रतिष्ठेची होती ते गाव मागे राहिले होते. लंडनमधील फॅनफेअर प्रेस या मुद्रणालयात त्यांना काम मिळाले. पुस्तकांची वेष्टने, छपाईतील नक्षीचे खिळे, नवी अक्षरे असे अनेक प्रकारचे काम त्यांनी तेथे केले.

पाच वर्षांत तेथेही संकट उभे राहिले. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि इंग्लंडमध्ये घबराट पसरली. तेव्हा सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना सरसकट ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध करण्यास सुरुवात केली. त्यांत हिटलरच्या छळाला कंटाळून पळून आलेले ज्यूही मोठ्या संख्येने होते. हजारो लोकांना जहाजांतून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला पाठविण्यात आले. वोल्पे यांची रवानगी ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतात ‘हे’ नावाच्या गावाजवळील छावणीत झाली. चहूकडे ओसाड मैदान आणि काटेरी तारांचे कुंपण.

या छावणीविषयीची एक गोष्ट बँकिंग आणि व्यापाराशी संबंध असलेल्या वाचकांना विशेष वाटेल. छावणीतील देवघेवीसाठी तेथे 1941 मध्ये स्वतःच्या नोटा छापण्यात आल्या. जॉर्ज टेल्ट्शर या ऑस्ट्रियन स्थानबद्ध कलावंताने त्या तयार केल्या होत्या. सहा पेन्स, एक शिलिंग आणि दोन शिलिंग अशा त्यांच्या किमती होत्या. नोटेच्या कडेला नक्षी म्हणून काटेरी तार काढलेली होती आणि त्या तारेच्या पिळांत इतक्या बारीक अक्षरांत एक वाक्य दडविले होते की भिंगाशिवाय ते सहज ध्यानी येऊ नये. आपण येथे का आहोत याचे उत्तर कोणाकडेच नाही, असा त्याचा आशय होता. जेथे तक्रार मोठ्याने करता येत नाही, तेथे माणसाने ती नोटेच्या किनारीत लिहून ठेवली.

1941 मध्ये वोल्पे यांना इंग्लंडला परत येण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट स्मिथ या शिल्पकार स्त्रीशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ते ‘फेबर अँड फेबर’ या प्रकाशनसंस्थेत दाखल झाले. तेथे ते 1975 पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे राहिले. या काळात त्यांनी पंधराशेहून अधिक पुस्तकांची वेष्टने केली. सरासरी काढली तर दर आठवड्याला जवळजवळ एक वेष्टन होते. अनेक वेष्टनांवर चित्र नसे. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, एक-दोन भक्कम रंग आणि मोठी, आत्मविश्वासाने काढलेली अक्षरे एवढेच असे. कित्येकदा ती अक्षरे छापील खिळ्यांची नसून वोल्पे यांनी हाताने काढलेली असत. ‘अल्बर्टस’ही वारंवार वापरले जाई. दुकानाच्या फळीवर शेकडो पुस्तके ओळीने लावलेली असली, तरी फेबरचे पुस्तक कोणते ते लांबूनच कळे. कवी टी. एस. एलियट हे या संस्थेचे एक संचालक होते. प्रकाशनव्यवसायात येण्यापूर्वी 1917 ते 1925 अशी आठ वर्षे त्यांनी सिटीमधील लॉइड्स बँकेत नोकरी केली होती. फेबरमध्ये अशा रीतीने बँकेच्या मेजावरून उठलेला कवी आणि छावणीतून परतलेला अक्षरकार एकाच संस्थेसाठी काम करीत होते.

येथे या अक्षराच्या उपयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘अल्बर्टस’ हे नावासाठी, शीर्षकासाठी आणि पाटीसाठी घडविलेले अक्षर आहे. दोन-चार शब्द त्यात उठून दिसतात. तेच वळण घेऊन दोनशे पानांचे पुस्तक किंवा ताळेबंदाचे बारीक रकाने छापले, तर डोळा शिणतो. कारण प्रत्येक अक्षर स्वतःकडे लक्ष वेधीत राहते. ओळीत मिसळून जाणे हा पुस्तकाच्या मजकुराच्या अक्षराचा गुण असतो आणि ओळीतून वर येणे हा पाटीच्या अक्षराचा. हिशेब लिहिणारा मुनीम आणि गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलणारा शेठ यांची कामे वेगळी असतात, तसेच हे आहे. चांगले अक्षर निवडणे म्हणजे त्याला त्याचे काम नेमून देणे.

पाटीचे काम ‘अल्बर्टस’ने किती चोख बजावले, हे लंडनच्या रस्त्यांवर दिसते. पाटीवरील नाव पावसात, धुक्यात, चालत्या गाडीतून, वरच्या बाजूस मान वळवून क्षणभरात वाचता यावे लागते. अक्षराचा दांडा टोकांशी रुंदावलेला असल्यामुळे दुरून पाहताना त्याची टोके हवेत विरून जात नाहीत. शिवाय त्या प्राचीन बाजारपेठेला शोभेल असा दगड-धातूच्या लेखाचा भारदस्तपणा त्यात आहे आणि जुनेपणाचा आव मात्र नाही. सिटीखेरीज थेम्सच्या दक्षिणेकडील लॅम्बेथ या विभागानेही रस्त्यांच्या पाट्यांसाठी हेच अक्षर घेतले. वोल्पे स्वतः लॅम्बेथमध्ये राहत असत. म्हणजे ज्या माणसाला एका देशाने घरातून आणि दुसऱ्या देशाने काही काळ रस्त्यावरून उचलून नेले, त्याच्याच अक्षरांत आज त्याच्या वस्तीतील लोक आपल्या घराचा पत्ता वाचतात.

हेच वळण दूरचित्रवाणीवरही एका विलक्षण प्रसंगी पोहोचले. 1967 मध्ये इंग्लंडमध्ये ‘द प्रिझनर’ नावाची मालिका सुरू झाली. तिच्यात एका माणसाला सुंदर, टुमदार गावात कैद करून ठेवलेले असते आणि त्याला नावाऐवजी सहा हा क्रमांक दिलेला असतो. त्या गावातील प्रत्येक पाटी, फलक आणि डबा यांवर ‘अल्बर्टस’चेच थोडे फेरफार केलेले रूप वापरले होते, ‘आय’वरील बिंदू काढून टाकला होता आणि ‘ई’ उघडा केला होता. निर्मात्यांनी ते अक्षर त्याच्या रूपासाठी निवडले असेल. परंतु ते घडविणाऱ्याने स्वतः कुंपणाआडचे दिवस काढलेले होते, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या पाट्या निराळ्या वाटल्याशिवाय राहत नाहीत.

वोल्पे यांच्या कामाची दखल त्यांच्या हयातीतच घेतली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. 1959 मध्ये त्यांना ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा मान मिळाला. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट येथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. 1980 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले आणि 1983 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘ओ.बी.ई.’ हा किताब दिला. एकेकाळी शत्रू म्हणून ज्यांच्या नावाची नोंद झाली होती, त्यांचे नाव सन्मानाच्या यादीत आले. 1989 मध्ये लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. पुढे 2017 मध्ये मोनोटाइप कंपनीने त्यांच्या पाच वळणांना संगणकासाठी नवे रूप दिले. ते काम तोशी ओमागारी या जपानी अक्षरकाराने केले. जर्मन कारागिराने ब्राँझमध्ये कोरलेले, इंग्रजांच्या कारखान्यात ओतलेले अक्षर जपानी हातांनी पुन्हा धार लावून पुढच्या पिढीला दिले.

वोल्पे यांच्या आयुष्यातूनही काळाने बरेच काही कोरून काढले. गाव गेले, गुरू गेले, भाषा परकी झाली, काही काळ स्वातंत्र्यही गेले. या नुकसानीचे समर्थन कोणत्याही यशाने होत नाही आणि जे त्या काळात जर्मनीतच अडकून पडले, त्यांच्या वाट्याला परतीची वाटही आली नाही. वोल्पे यांच्यापाशी उरले ते हातातले कसब. ते कोणी जप्त करू शकले नाही, ते कोणत्याही बंदरावर अडविले गेले नाही आणि छावणीतून परतल्यावर त्याच वर्षी ते पुन्हा कामाला लागले. संकटात पेढीचा माल, गोदाम, वसुली सारे बुडाले तरी अंगचे कसब आणि सचोटी शाबूत राहिली, तर पेढी पुन्हा उभी राहते, हा अनुभव व्यापारी घराण्यांना नवा नाही.

रोज सकाळी सिटीमध्ये हजारो लोक कामावर जातात. लोंबार्ड स्ट्रीट, चीपसाइड आणि ओल्ड ज्यूरीच्या वळणांवर ते क्षणभर वर पाहतात, नाव वाचतात आणि पुढे चालू लागतात. त्यांना अक्षर दिसत नाही, फक्त रस्ता सापडतो. पाटीचे अक्षर घडविणाऱ्याची हीच तर अपेक्षा असते. तरीही पाडव्याला किंवा दिवाळीला दुकानाची पाटी नव्याने रंगविण्याचा विचार निघेल, तेव्हा रंगाऱ्याला फक्त दर न विचारता, हे वळण कोणाचे आणि ते कोणत्या कामासाठी घडले, एवढे विचारून घ्यावे. नाव पेढीचे असले, तरी ते पंचवीस वर्षे जगासमोर धरून ठेवण्याचे काम त्या अक्षराला करायचे असते.